वेस्ट्रेहून इकडे

खोकी विमानानंच आली,
आठ खुर्च्यांच्या त्या विमानानं, दोन खेपांत,
कारण पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांचा कुत्रा.
एर्लेंडनं ती स्वतः उतरवून घेतली.
निवृत्त होऊन अकरा महिने झाले,
तरी धावपट्टीवर त्याला कोणी अडवत नाही.

चार वासरांचे पैसे होते त्यांत.
मी हिशेब विचारला नाही, त्यानंच सांगितला:
हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे दीड वासरू.
हा प्रोसेसर, ही चौसष्ट जीबी रॅम,
उरल्यात तीन पडदे, विमानाचं सुकाणू, पायाखालची पेडलं.
माझ्या शिवणाच्या टेबलावर सगळं मांडलं.
शिवणयंत्र गेलं जिन्याखाली.

एकतीस वर्षं हा माणूस
अग्निशामक गाडीपाशी उभा राहिला,
पिवळ्या जाकिटात, कॉलर वर करून.
विमान यायचं.
टपालाची पिशवी, एखादा पाहुणा, शाळेच्या बाई.
विमान जायचं.
एकदाही आग लागली नाही.
पाण्याची टाकी त्यानं दर सोमवारी तपासली.
"काय केलंस रे आयुष्यभर?"
भावानं एका नाताळात विचारलं होतं, चढल्यावर.
"वाट पाहिली," म्हणाला,
आणि बटाटे वाढून घेतले.

थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची,
हे त्यानं मला तीनदा सांगितलं.
हात थरथरतात त्याचे हल्ली.
शेवटी मीच लावली, चश्मा नाकावर ओढून,
सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरून.
मग पंखे फिरले, दिवे लागले,
पडद्यावर काळोख.
दोन तास. होडीवरच्या शिव्या, आजोबांच्या काळातल्या.
वायर चुकीच्या भोकात होती.

मग जग उतरवून घ्यायला पाच दिवस.
सगळी पृथ्वी, डोंगर-नद्यांसकट,
आमच्या बेटाच्या बारीकशा इंटरनेटमधून,
फाटकातून मेंढ्या याव्यात तशी, एकेक,
मध्येच एखादी अडून बसणारी.
तिसऱ्या रात्री वादळ झालं, वीज गेली,
एक्क्याऐंशी टक्क्यांवर.
तो काही बोलला नाही.
वाट पाहण्यात त्याचा हात कोण धरणार?

मला वाटलं, आता हा टोकियोला जाईल,
अँडीज ओलांडेल, वाळवंटात उतरेल.
त्यानं निवडलं वेस्ट्रे. शेजारचं बेट.
वेस्ट्रेहून इकडे, आपल्या पापा वेस्ट्रेला.
दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर त्याहून कमी.
"एवढ्यासाठी चार वासरं?"
"शू," म्हणाला. "उडतोय."

समुद्र अगदी आपला होता.
आपलं छप्पर दिसलं, दुरुस्तीच्या आधीचं,
दोरीवर कपडे मात्र नव्हते.
तो दोनदा आदळत उतरला,
पट्टीच्या टोकाशी थांबला.
शेड होती. गाडी नव्हती.
गाडी असती तिथे कोणी नव्हतं.
कॅमेरा फिरवून फिरवून पाहिलं त्यानं.
गवत हलत होतं, सेकंदाला नव्वद चित्रांनी,
पातं न् पातं वेगळं.
"विमान उतरतंय," तो म्हणाला,
"आणि खाली माणूस नाही.
हे नियमात बसत नाही."

त्या रात्री पंख्यांचा आवाज उशिरापर्यंत येत होता.
मी विचारलं नाही.

आता सुकाणू माझ्या हातात असतं.
तो माझ्या खुर्चीच्या डावीकडे उभा राहतो,
शेड जिथे असते त्या अंगाला, हात खिशात.
मी आदळते. कुंपणात शिरते.
परवा अख्खा पंख पाण्यात बुडवला.
"पुन्हा," म्हणतो.
खोक्यातून गरम वारा येतो, मांजर तिथंच पसरलेलं,
शेगडी पेटवायची आठवण राहत नाही.

चारचं खरं विमान घरावरून जातं
तेव्हा दोघंही खिडकीकडे मान वळवतो,
आणि तेवढ्यात मी
पुन्हा समुद्रात.