लो-दबार, तालुका जत

माझे वडील, शांतवन मास्तर वायदंडे,
माडग्याळच्या शाळेत चौथीला गणित शिकवायचे.
दिवेलागण झाली की पायातला कॅलिपर काढून
भिंतीला उभा करायचे
आणि उजवीकडून डावीकडे वाचायला लागायचे.

कोश मिरजेहून आलेला, पुठ्ठा नसलेला.
एका नावापाशी ते महिनाभर अडकले:
लो-दबार.
यार्देनेपलीकडचं गाव.
नक्की कुठं, ते कुणालाच छातीठोक सांगता येत नाही.
योनाथानाचा मुलगा तिथं लपून राहायचा,
पाच वर्षांचा असताना, पळापळीत
दाईच्या हातून पडलेला. दोन्ही पाय गेले.
"माझा निदान एकच," वडील म्हणायचे.

लो म्हणजे नाही.
दबार म्हणजे कुरण, असं एक पंडित म्हणतो.
दुसरा म्हणतो, शब्द. किंवा गोष्ट. किंवा काहीही.
कुरण-नाही. शब्द-नाही. काही-नाही.
पुढं एक संदेष्टा तर नावाचीच थट्टा करतो,
काही-नाही जिंकलंत आणि नाचताय!

अमोगसिद्ध शेळीचं दूध घालायला आला
तेव्हा वडिलांनी विचारलं,
"आपल्याच गावाला असलं नाव कोण ठेवील रे?"
तो तंबाखू मळत राहिला.
"गावातला न्हाई ठेवनार, मास्तर.
वाटंनं जानारा ठिवतो.
उन्हाळ्यात एक रात मेंढरं बशिवली आसतील,
सकाळी नाव ठिवून गेला."

त्या रात्री वडिलांनी पुढची पानं काढली.
दावीद पोटच्या पोराला भिऊन रानात आलेला,
माणसं उपाशी,
आणि लो-दबारचाच माखीर दारात हजर:
अंथरुणं, मडकी, गहू, सातू, मसुरा, मध,
आणि मेंढरं.
कुरण-नाही गावची मेंढरं!
वडील एकटेच मोठ्यानं हसले.
बाहेर अमोगसिद्धचा बाकदार नाकाचा मेंढा
दचकून उठला.

आणखी एक सापडलं त्यांना.
मेंढरांच्या गोष्टीत 'लो' आलेफनं लिहिलाय: नाही.
लंगड्या पोराच्या गोष्टीत वावनं: त्याला, त्याचं.
ऐकायला दोन्ही सारखेच,
आलेफ मुकं अक्षर.
म्हणजे तिथं, त्याचा शब्द.
त्याचं कुरणसुद्धा, कदाचित.
"लिहिणाऱ्याचा हात घसरला असेल," मी म्हटलं.
"असेल की," ते म्हणाले,
आणि समासात पेन्सिलीनं दोन्ही अर्थ लिहिले.
खोडरबर हाताशीच होतं.

ते गेले. कोश आता माझ्याकडं, सांगलीत.
परवा ऑफिसात टंचाईचा एक तक्ता आला,
गावाच्या नावापुढं, चाऱ्याच्या रकान्यात,
सुबक अक्षरात: निरंक.

अमोगसिद्धच्या नातवाला फोन लावला.
काय चाललंय, विचारलं.
"काय न्हाई," तो म्हणाला,
आणि त्याच्या मागं शंभरएक मेंढरं
एकदम ओरडली.