न पडलेल्यांची नोंद

सोमवारी सकाळी मी पिशवी भरतो.
ड्रिल, दोन इंची स्क्रू, जिन्यातले दिवे,
गालिच्याखाली लावायची चिकटपट्टी,
आणि बिस्किटांचा पुडा.
रिकाम्या हाताने गेलं तर ग्रीनॉकमध्ये
कुणी साखळी काढून दार उघडत नाही.

बत्तीस वर्षं मी जहाजांना जोड दिले.
गोदी बंद झाली तेव्हा वाटलं, हात संपले.
आता म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरात
धरायच्या दांड्या बसवतो.
जहाज तरी समुद्रात जायचं.
हे लोक फक्त टबातून बाहेर येतात.

आमचं ऑफिस म्हणजे सट्ट्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या.
खाली लोक घोड्यांवर पैसे लावतात,
वर आम्ही गुडघ्यांवर.

मॉराग कामं वाटून देते, चष्मा कपाळावर ठेवून:
मिस्टर टलक, जिन्याचा दिवा.
मिसेस ऑक्टरलोनी, घसरणारं पायपुसणं.
सेंगा रॅफर्टी, पुन्हा एकदा जा.

सेंगा तिसऱ्या मजल्यावर.
पहिल्यांदा म्हणाली, मी म्हातारी नाही.
दुसऱ्यांदा म्हणाली, भोकं पाडायची नाहीत,
या टाइल्स डेक्लनने लावल्यात.
डेक्लनला जाऊन अकरा वर्षं झाली.
मी टाइल्स पाहिल्या. हिरव्या. एक ओळ तिरकी.
दात घासताना ती तिरकी ओळ तिला रोज दिसली असणार
आणि ती त्याला कधी बोलली नसणार,
किंवा रोज बोलली असेल,
मला काय माहीत.

तिसऱ्यांदा मी ड्रिल नेलंच नाही.
चहा प्यायलो. गालिच्याचं एक टोक वर आलं होतं,
ते टाचेने हळूच दाबलं.
तिने पाहिलं.
हं, म्हणाली.

चौथ्यांदा टाइल्समधल्या सांध्यातून भोक घेतलं,
श्वास रोखून, जसा पूर्वी
पाणबुडीच्या पत्र्यावर रोखायचो.
एकाही टाइलला तडा नाही.

मग पैसे देणाऱ्या मंडळाचं पत्र आलं:
गेल्या वर्षी आपल्या कामामुळे नेमकं काय झालं
ते आकड्यांत कळवावे.
मॉरागने चष्मा डोळ्यांवर घेतला,
पुन्हा कपाळावर सरकवला.

काय झालं?
काही झालं नाही, साहेब. तेच तर झालं.
मिस्टर टलक मंगळवारी जिन्यावरून पडले नाहीत.
बुधवारीही पडले नाहीत.
गुरुवारी पाऊस होता, दुकानातून अंडी आणली,
सहाच्या सहा घरी पोचली.
त्यांचा कुत्रा उपाशी राहिला नाही.
त्यांच्या मुलीला कॅनडातून
मध्यरात्रीचं विमान धरावं लागलं नाही.
खुब्याचं हाड जिथल्या तिथे आहे
आणि त्यांना ते आहे हेसुद्धा आठवत नाही.
याला तुमच्या कागदात रकाना कुठला?

आग विझवणाऱ्याचा फोटो छापून येतो.
आग लागलीच नाही त्या घराचा
कुणी फोटो काढत नाही.
तिथे फक्त भांडी विसळल्याचा आवाज असतो.

माझ्या आईच्या दारात दुधाच्या दोन बाटल्या होत्या.
तिसरी ठेवताना दूधवाल्याला शंका आली.
मी त्या आठवड्यात डबल पाळी करत होतो.
बस, इतकंच.
हे मी कुठल्याच फॉर्मवर लिहीत नाही.

शुक्रवारी पाहणीला गेलो.
सेंगाने दांडीवर मोजे वाळत घातले होते,
दोन जोड, आणि एक एकटाच.
धरतेस का कधी, विचारलं.
छे, म्हणाली, मोज्यांसाठी बरी आहे.
ती चहा ओतायला गेली
तेव्हा मी मोजे जरा बाजूला सरकवले.
पांढऱ्या दांडीच्या मधोमध
चार बोटं मावतील एवढी जागा
मळकट झाली होती.

मोजे होते तसे सारखे केले.
बाहेर येऊन एक बिस्किट
जास्तीचं खाल्लं.