शिल्लक बारा

घरमालक मगदूम म्हणाले, मागची जागा वापरा,
पण खणायचं नाही. खाली ड्रेनेजची पाइप आहे,
माझ्या लग्नाच्या वेळची.
सहा बाय अकरा. एका अंगाला मोरी,
दुसऱ्या अंगाला उद्यमनगरातल्या कुठल्यातरी लेथचा आवाज
भिंतीतून येऊन बसलेला.
भिशीतले तीनशे चाळीस माझ्याकडं होते.

डबे मागितले.
मागायची लाज पहिल्या दोन दारांत संपते.
तेलाचे, रंगाचे, एक श्रीखंडाचा.
रोशनबीनं तर पोराच्या जुन्या हेल्मेटातच
चिनी गुलाब लावून दिला. म्हणाली,
त्यानं कधी डोकं घातलं नाही ह्यात,
निदान माती तरी घालूया.

शेणासाठी पहाटे गंगावेशीला गेले.
म्हशी उभ्या, गिऱ्हाईक उभं, पेल्यांना फेसाच्या मिशा,
आणि मी एकटीच शेपटीकडं, पोतं पसरून.
गवळी हसला, 'वैनी, लोकं दुधाला येत्यात हितं.'
ताजंच घातलं सगळीकडं, हौस दांडगी.
आठ दिवसांत अबोली करपून आडवी.
शेण मुरू द्यावं लागतं, हे मला
लक्ष्मीपुरीतल्या चार रोपांचे साठ रुपये गेल्यावर कळलं.

मग रसवंतीवरचा उसाचा चोथा, फुकट, दोन पोती,
मातीवर अंथरायला.
मुंग्यांना पत्ता कुणी दिला कोण जाणे,
आठवडाभर राहिल्या, गोडाधोडाचं खाऊन गेल्या.

गेरूत थोडा फेविकॉल कालवला,
डब्याच्या गळ्याशी चुन्याची एक रेघ ओढली,
की पत्रा पत्रा वाटत नाही.
कर्दळीचे कंद रंकाळ्याकडच्या एका बंगल्यानं
कुंपणाबाहेर फेकलेले, अजून ओले.
गुलबक्षीचं बी शाळेच्या भिंतीकडचं, मिऱ्यासारखं,
पदराच्या गाठीत घरी आलं.

हे रोज फौंड्रीतून यायचे, नखांत काळी वाळू,
दारात उभे राहून डबे मोजल्यासारखं बघायचे
आणि न बोलता अंघोळीला जायचे.
एका शनिवारी रिक्षातून दोघांनी धरून काहीतरी उतरवलं.
ओतीव लोखंडाचं हौसिंग, वीस-बावीस किलोचं,
बुडाला करंगळी जाईल एवढं भोक.
साच्यात हवा अडकली होती. ह्यांच्याच साच्यात.
'पगारातनं कापलंय न्हवं? मग जा की घेऊन,'
असं सुपरवायझर म्हणाला म्हणे.

मी सगळीकडून फिरून बघितलं.
म्हटलं, बरं झालं, डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून
माझा अंगठा सुजलाय,
ह्याला पाडायला नको.
त्या महिन्यात हे पहिल्यांदा हसले.
मग स्वतःच तळाशी खापऱ्या टाकल्या, माती चाळली,
साचा ठोकतात तसं कडेकडेनं दाबत गेले. म्हटलं, हळू,
मुळांना श्वास घेऊ द्या.
म्हणाले, हवा ठेवायची असती होय इथं?

डायरीत लिहिलं : हौसिंग, एक नग.
पुढचा रकाना मोकळाच सोडला.

आता तिथं अबोली आहे, उरलेल्या एका फांदीची.
पाणी घातलं की भोकातून थेंब थेंब गळतं,
फरशीवर गंजाचा तांबूस ओघळ जातो मोरीपर्यंत.
तो मी घासून काढत नाही.

परवा मगदूम आले. उभे राहिले, चष्मा पुसला.
'कितीला पडलं हे सगळं?'
मी डायरी दाखवली. शिल्लक बारा.
'वा,' म्हणाले, आणि जाता जाता,
'जागा आता बरी दिसतीया. दिवाळीपासनं
भाडं तीनशेनं वाढवूया.'

रात्री आम्ही हिशोब केला.
डबे चौदा, हेल्मेट एक, टेम्पोत सहज बसतील.
हौसिंगला दोन माणसं लागतील.
खणलं तर कुठंच नाही, शब्द पाळला.
फक्त मोरीच्या कडेला, फरशीच्या फटीत,
गुलबक्षीनं आपलं आपण बी टाकलंय,
तीन पानं आलीत.
ती काय मी लावलेली नाही.