पाकीट

आमच्या चिअतुरात खाण डोंगराच्या पोटात, घरं डोंगराच्या डोक्यावर,
म्हणून माणसं तारेला लोंबकळून कामावर जातात.
त्याच पत्र्याच्या डब्यात आई बुद्धिबळ शिकली.
गुडघ्यांवर पट, समोर आजोबा,
नखांत मँगनीजचा काळा.
डबा मधेच अडकायचा. खाली दरी.
आजोबा म्हणायचे, खाली काय बघतेस त्सियाला,
खेळी तुझी आहे.

आमच्या भाषेत उंटाला कासव म्हणतात.
तिरकं धावत सुटणारं कासव!
परदेशी पोरी ऐकून हसायच्या.
ती हसायची नाही,
दोन्ही कासवं शेवटपर्यंत जपायची.

पुरुषांच्या पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल,
बायकांच्या पहिल्या बक्षिसाला इस्त्री.
आमच्या घरात चार इस्त्र्या आहेत.
एकही धड तापत नाही.

वोरोनेझ. फेब्रुवारी. शेवटून दुसरी फेरी.
डाव तहकूब झाला तेव्हा
एकेचाळिसावी खेळी तिनं चिठ्ठीवर लिहिली,
पंचांनी पाकिटावर लाख ओतली.
एक प्यादं वरचढ, आणि किताब त्या एका डावावर.
रात्री तार आली: नातेलाला न्यूमोनिया.
नातेला म्हणजे मी.

सकाळी तिनं बरोबरी देऊ केली.
समोरच्या बाईनं आधी पटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
आणि हात पुढे करायला जरा वेळ लावला.
पाकीट मात्र आईनं मागून घेतलं, तसंच, न फोडता.
मग दोन दिवसांची आगगाडी.

मी वाचले.
हे मी फारसं कुणाला सांगत नाही,
ऐकलं की लोक तिच्याकडे
देव्हाऱ्यात बघावं तसं बघतात,
आणि तिचं डोकं फिरतं.

पुढे देश मोडला, वीज गेली,
डबे होते तिथेच हवेत गंजत राहिले.
ती मेणबत्तीवर पोरांना शिकवायची.
मोहऱ्यांपेक्षा सावल्या मोठ्या,
वाखो तर एकदा सावलीच उचलायला गेला.
फी म्हणून कुणी मका आणायचं, कुणी सरपण.

शाळेतलं तिचं टेबल एका पायानं लंगडं आहे.
त्या पायाखाली, चार घड्या घालून, ते पाकीट.
लाखेचा ठिपका अजून लाल.

एकदा विचारलंच मी: काय लिहिलं होतंस?
वाखोच्या मुलीशी खेळत होती.
म्हणाली, कासव.
बऱ्याच वेळानं, मान वर न करता,
की हत्ती?

मी वाकले.
राहू दे, म्हणाली,
टेबल हलेल.