आम्हीच कळवू

रामबागेतल्या मंडळात, वधूवर विभागात,
रविवारी मी मुळ्येकाकांची यादी
संगणकावर चढवते.
शेवेचे तेलकट डाग पडलेले फॉर्म,
दोनशे चौदा मुली.

अट लिहायची आणि चाळणीच्या हवाली करायची.
नुसतं नाव द्यायचं अटीचं, पुढे कंस नाही;
कंस लागले की ती तिथेच बोलून मोकळी होते.
मग चाळणीच तिला हाक मारते,
एकेकीसमोर नेऊन उभी करते:
ही? नाही. ही? नाही. ही? हो.

देवासच्या मुलाला मंगळ नको.
महूच्या डॉक्टरला पस्तिशीच्या आतली,
शिवाय इंदूर सोडायची तयारी.

एकदा उत्तर परत करायची ओळच राहून गेली
आणि अख्खी यादी रिकामी आली.
गप्प बसणं यंत्र नकारात धरतं.
काका हसले. म्हणाले, बेटा,
आपल्याकडे तरी वेगळं काय?
‘आम्हीच कळवू’ म्हणून उठलेली माणसं
अजून कळवतायत.

अठ्ठ्याऐंशीवी मी.
संयोगिता बाळकृष्ण धारकर, वय एक्केचाळीस.
यंत्र शून्यापासून मोजतं,
त्याच्या लेखी सत्त्याऐंशी.
आज महूच्या अटीपाशी गळले.
अट मीच लिहिलेली. दोनदा तपासली,
चूक सापडेल म्हणून.
बरोबर होती.

चाळून येते ती यादी नवी असते,
जुनीला कुणी हात लावत नाही.
निघण्याआधी मी जुनी उघडते,
माझ्या ओळीपर्यंत खाली येते,
तिथे थोडा वेळ थांबते.
काका कुलूप शोधतायत.