खिडकी, रांग एकोणीस

बरोबर तीनला उघडतं, म्हणाला होता.
पावणेतीनलाच मी गल्ल्यावरची वही मिटली,
बोटं पदराला पुसली,
तरी मिरची लागलीच स्क्रीनला.
दोंडाईच्यात या दिवसांत
मिरची नसलेली बोटं कुणाचीच नसतात.

जहाजावर नेट महाग आहे.
एका दिवसाचे एवढे, की त्यात
फवारणीचा पंप येईल, असं निंबाचं म्हणणं.
बंदर सुटायच्या आत तीन ओळी पाठवल्या:
चेक-इन तू कर.
पासपोर्टची झेरॉक्स बियाण्याच्या फाइलमध्ये आहे.
इथे पाणी फार आहे.

कंपनीची स्कीम होती.
चारशे पेट्या औषध उचललं तर
एका माणसाला चार रात्री समुद्र.
दुसऱ्या माणसाचे बासष्ट हजार.
मी म्हणाले, सीझनमध्ये दुकान कोण बघणार?
तो काही बोलला नाही.
मला वाटलं होतं, बोलेल.

आडनाव आधी मागतात इथे.
देवरे. मग निंबा. मग आनंदा कुठे घालायचा?
सासऱ्यांना चौकटीत जागाच नाही.
दोनदा लाल अक्षरं आली, तिसऱ्यांदा उघडलं.

मग प्रश्न.
सामानात फटाके आहेत का,
पेट घेणारं काही, कीटकनाशक, विष?
मी दुकानभर नजर फिरवली.
चारही भिंतींना तेच, खालपासून वरपर्यंत.
नाही, अशी खूण केली.
त्याच्याजवळ तरी नाही.

तेवढ्यात झिपरू बापू.
“वहिनी, एकोणीस-एकोणीसन्या दोन थैल्या दे.
शेठ कथा ग्यात?”
“पाणीमा,” मी म्हणाले, मान वर न करता.
ते ओट्यावर टेकले. तंबाखू मळून झाली.
“मंग पव्हता येस का त्यास्ले?”

वरून पाहिलं तर विमान
रोपांच्या ट्रेसारखं दिसतं.
भरलेली घरं राखाडी, रिकामी निळी,
पुढच्या घरांना जादा पैसे.
मी मागे मागे सरकत गेले.
एकोणीसची ओळ आली.
ओळखीचा आकडा, तिथेच थांबले.

एसटीत तो कधी खिडकीला बसला नाही.
नंदुरबारला जाताना, सुरतेला नणंदेकडे,
लग्नानंतर शहाद्याहून पहिल्यांदा इकडे येताना,
खिडकी मला,
आणि तो कडेला, एक पाय वाटेत,
कुणी चढलं की आखडून घ्यायचा.
बावीस वर्षं.
त्याला बाहेर बघायला आवडतं का,
मी विचारलंच नाही.

एकोणीस अ दाबलं.
शेजारचं घर निळंच होतं.
सहज त्यावर बोट टेकलं,
तर निंबाच उठून तिथे येऊन बसला.
सवयच ती.
पुन्हा खिडकीशी नेऊन बसवला.

शेवटी एक चौकट:
अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं?
कोकिळा, लिहिलं. आपला नंबर टाकला.
नातं यादीतून निवडा, म्हणे.
आई होती, भाऊ, मित्र, ऑफिसातले सहकारी.
पत्नी बरीच खाली होती.

पास आला. त्याला पाठवला.
एकच टिक, करडी.
बापूंच्या थैल्या मोजून दिल्या, उधारी मांडली,
समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून एक कागदही काढून आणला.
समुद्रातल्या माणसाला त्याचा उपयोग काय?
तरी ठेवला, वजनकाट्याच्या मापाखाली.
पाचला लाइट गेले.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरी टिक आली.
तिथे तेव्हा पावणेदोन झाले असतील.
बराच वेळ लिहीत होता,
आलं एवढंच: जेवनी का?
मग थोड्या वेळाने:
खिडकी कसाले?

मी दोन-तीनदा लिहिलं, पुसलं.
मग पाठवलं,
बसी ऱ्हाय गपचूप.