झेलाबाईचा दोर

शहाण्णव साली पिंपळनेरला रुजू झाले,
पहिलं काम मिळालं, सुईणींची यादी.
सत्तावीस नावं. बाविसावी झेलाबाई.
अंगठ्याला तेल होतं,
कागदावर ठसा नाही, डागच उमटला.

प्रशिक्षण तीन दिवसांचं. भत्ता, चहा, पत्र्याची पेटी,
पेटीत ब्लेड, दोरा, साबण.
मी फळ्यावर बाई काढली, आडवी.
मागून झेलाबाई बोलली,
"जमीन खाले वढस ना वं माय,
मंग तू तिले आडवी काब्र पाडस?"
सगळ्या हसल्या. मीही.
मग वहीत बघून पुढचा मुद्दा घेतला.

तिच्या घरी आढ्याला काथ्याचा दोर होता,
हातांच्या घामानं मधोमध काळा पडलेला.
बाया उकिडव्या बसून त्याला लोंबायच्या.

काही वर्षांनी वरून उलटा कागद आला :
घरी बाळंतपण नको, दवाखान्यात या, पैसे घ्या.
दोर मीच सोडवला.
स्टूल तिनं धरलं.

खोटं कशाला बोलू,
त्याच दोराखाली सुपडूची बायको गेली होती,
वार अडकून, पहाटेपर्यंत.
झेलाबाई माझी वाट बघत होती, मी जीपची.
आणि माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली
किती जणींवर ओरडले मी, गप पड, पाय वर घे,
एकीच्या मांडीवर चापटही मारली.
रजिस्टरात वजन आहे बाळाचं, वेळ आहे,
चापट नाही.

परवा जळगावला लेक मला तिच्या वर्गाला घेऊन गेली.
नैसर्गिक प्रसूती, पासष्ट हजार,
सिझर झालंच तर वरचे वेगळे.
छताला जांभळ्या कापडाचा दोर.
शिकवणारी पोरगी बंगळुरूहून शिकून आलेली,
गोड आवाजात म्हणाली,
गुरुत्वाकर्षण आपलं मित्र आहे.
हे कुणी शोधलं, मी विचारलं.
परदेशात, म्हणाली, एका डॉक्टरांनी.

मी आधी खाली जाऊन ऑपरेशनची खोली पाहून आले,
फ्रिजमधल्या रक्ताच्या पिशव्या मोजल्या.
मगच लेकीला म्हटलं, धर.

तिनं ओढ दिली आणि गाठ सरकली.
थांब, म्हटलं. स्टूल मागवलं.
चढले, गुडघे कुरकुरले,
जांभळं कापड सोडून पुन्हा बांधलं,
झेलाबाईसारखं, दोन वेढे आणि उलटा फास.
पोरीनं विचारलं, काकू, ही गाठ कुठे शिकलात?

सोडवताना, म्हणाले.